मोकळीक

"ताई, आता तू सांग. तुला काय करायचंय?" धाकट्या भावाने स्वयंपाकघरात बसल्या बसल्या विचारलं.

आईला जाऊन महिना होत आला होता. तिची खाट कालच बाहेर काढली होती. त्या मोकळ्या जागेकडे बघवेना म्हणून तिघं भावंडं आत येऊन बसली होती. भाऊ मनापासून बोलत होता. या घरात राहा, माझ्याकडे ये, नाहीतर सगळा मुलूख पालथा घाल, तुला कुणी हूं की चूं करणार नाही, असं त्याने सांगितलं. आमचे संसार उभे राहिले ते तुझ्या जिवावर, असं धाकटी बहीण म्हणाली.

"सांगते," ताई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

एके काळी तिला चटकन सांगता आलं असतं. विशीत तिला समुद्राकाठच्या एका गावी तार कचेरीत नोकरी लागली होती. ट्रंक भरून तयार होती. आईने अडवलं नाही, नुसती दाराशी बसून रडली. ट्रंक ताईने आपल्याच हाताने रिकामी केली. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि प्रश्नच मिटला.

भावंडं आपापल्या घरी परतली. पहाटे ताईला जाग येई, आईची कूस बदलायला हात पुढे होई आणि तसाच राही. लख्ख असलेली भांडी ती पुन्हा घाशी. मग एका सकाळी ठेवणीतले कपडे घालून ती बसस्टँडवर गेली.

"कुठलं?" खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं.

समुद्राकाठच्या त्या गावाचं नाव तिला आठवत होतं, पण ते घ्यावंसं वाटेना. दुसरं सुचेना. आधी यांना द्या, म्हणत ती बाजूला सरली. रांग संपली.

"बाई, जायचंय कुठे तुम्हाला?" त्याने आता जरा मायेने विचारलं.

"तेच बघतेय," ती म्हणाली आणि घरी परतली. इतकी वर्षं ती स्वतःला सांगत आली होती, आई आहे म्हणून. आता आडकाठी कुणाचीच नव्हती, आणि तेच सोसवत नव्हतं.

काही दिवसांनी बहिणीचा फोन आला. सासूबाई घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, नोकरी करून त्यांचं सगळं निभत नाही. पण तुला कुठल्या तोंडाने...

"येते," ताईने तिचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. फोन ठेवल्यावर तिला किती दिवसांनी हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाचीच तिला लाज वाटली.

बहिणीने तिच्यासाठी मागची उजेडाची खोली झाडून ठेवली होती. ताईने गादी उचलून सासूबाईंच्या खाटेलगत आणून टाकली. बहीण दारापर्यंत आली, गादीकडे बघून परत गेली.

"माझ्यापायी तुम्ही अडकलात," सासूबाई ओशाळून म्हणाल्या.

ताई खाटेच्या कडेला बसली. वाटीतलं सूप चमच्याने ढवळून निववत, त्या तोंड कधी उघडतात याची वाट बघत राहिली.