दोन खुर्च्यांचा तराफा

"तो डोंगर दिसतोय ना, मधोमध आरपार भोक असलेला? ते माझ्या सासूच्या शिंकेनं पडलंय," मी सायकलवरून मागे वळून म्हटलं.

गुओ बाई इतक्या हसल्या की हँडल वाकडं होऊन भाताच्या खाचरात जाता जाता वाचल्या. या बाई हार्बिनच्या. सगळी हयात शहरात बस चालवण्यात गेलेली. नवऱ्याला माहजोंगच्या डावावरून उठवणं देवालाही जमलं नसतं, म्हणून एकट्याच हिंडायला निघालेल्या.

"ताई, एवढी कसली हो शिंक?"

"मिरचीची. मी लग्न होऊन आले त्या दिवशी कढईत मिरची मी टाकली होती."

"आणि सासू?"

"ती आणखी वीस वर्षं जगली. पण मला परत मिरचीला हात लावू दिला नाही."

यांगश्वोहून तराफ्यांच्या वरच्या घाटापर्यंतची वाट यूलोंग नदीच्या कडेकडेनं जाते. आता ती गुळगुळीत आहे. मी हे वाट दाखवायचं काम सुरू केलं तेव्हा चिखल होता, म्हशी होत्या, आणि केसाळ पायांचे परदेशी पोरगे होते. त्यांना भाषा कळायची नाही, तरी मी गोष्टी सांगायचे आणि ते माना डोलवायचे. तेव्हा तराफ्याला ना खुर्च्या होत्या ना छत्री. कमरेएवढे जाड बांबू एकत्र बांधलेले, त्यावर ओल्या ढुंगणानं बसायचं. (कमरेएवढे म्हणजे माझ्या आत्ताच्या कमरेएवढे नव्हे.) तेव्हापासून आमचा संसार असाच चाललेला. मी गिऱ्हाइकं सायकलवरून वरच्या घाटावर नेते, माझा म्हातारा ती तराफ्यावरून खाली उतरवतो. त्यांची सायकल तो मागे बांधून नेतो, मी माझ्या सायकलवरून आल्या वाटेनं परत.

पपनसाच्या बागेपाशी पाणी प्यायला थांबलो तेव्हा गुओ बाईंनी विचारलं, "मुलंबाळं काय तुम्हाला?"

"एक मुलगा. जहाजावर कॅप्टन आहे."

बोलून गेले आणि बाटलीचं झाकण माझ्या हातातून सुटलं. रोजची सवय हो. जीभ म्हणजे जुनी म्हैस, न हाकता गोठ्याकडे वळते. पण आज तसं बोलायचं नव्हतं. आज मी स्वतः तराफ्यावर बसणार होते.

आता तुम्हाला खरं सांगते, तुम्ही काही गिऱ्हाईक नाही. आमचा आशेंग सात वर्षांचा होऊन गेला. तापानं. त्या साली पुरात पूल वाहून गेला होता. म्हाताऱ्यानं, म्हणजे तेव्हाच्या जवान गड्यानं, आम्हाला तराफ्यावरून सडकेपर्यंत नेलं. पुढे मी सायकल मारली, पोरगं पाठीला झोळीत बांधलेलं. दवाखान्याच्या दारातली नर्स घाईघाईनं झोळीची गाठ सोडत होती. सोडता सोडता ती एकाएकी हळू सोडायला लागली.

त्यानंतर मी तराफ्यावर पाय ठेवला नाही. घरात आम्ही दोघांनी त्याचं नावही कधी काढलं नाही.

आणि मग एकदा कुणा गिऱ्हाइकानं विचारलं, मुलगा काय करतो? मी म्हटलं, शाळेत जातो. असंच तोंडून निघालं. एकदा शाळेत घातल्यावर त्याला शिकवणं आलं, पुढे कॉलेज आलं. नोकरी शोधताना मी बराच विचार केला आणि त्याला जहाजावर चढवला. जहाजावरच्या माणसाला घरी न येण्यासाठी सबब लागत नाही.

इतकी वर्षं हे सांगून मी गिऱ्हाइकांना म्हाताऱ्याच्या तराफ्यावर बसवून देत आले. ती त्याला विचारत असतीलच ना, "तुमचा मुलगा कॅप्टन आहे म्हणे?" तो काय म्हणत असेल? माझा म्हातारा, लुओ शानपिंग, भाव करतानासुद्धा खोटं बोलू न शकणारा माणूस. मुलगा गेला, बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं म्हणत असेल का? खाली उतरलेलं गिऱ्हाईक परत वर येऊन कधी सांगत नाही. आणि मी कधी त्याला विचारलं नाही.

वरच्या घाटावर थांग होता. वय झालेल्या तराफेवाल्यांनी तराफा ढकलायचा बांबू जमा करावा असा नवा नियम निघालाय आणि घाटाचा मुख्य म्हणून तो राबवायचं काम थांगकडे. आज म्हाताऱ्याची शेवटची खेप. काल जेवताना तो एवढंच बोलला होता, "उद्या बसतेस का?" मी "बघू" म्हटलं आणि लगेच मनातल्या मनात कुठले कपडे घालायचे ते ठरवलं.

"लानमेइ काकू, तुम्हाला कसं बसता येईल?" थांग म्हणाला. "तराफा गिऱ्हाइकांसाठी असतो."

"खुर्च्या किती आहेत?"

"दोन."

"गिऱ्हाइकं किती आहेत?"

"एक. पण नियम—"

"अरे थांग, तू लहानपणी या नदीत चड्डी हरवली होतीस, तेव्हा कुणाच्या टोपलीत बसून घरी गेलास?"

रांगेतले तराफेवाले हसायला लागले. गुओ बाईंनी तर त्याला सरळ बस डेपोतला आवाज लावला, "दोघींचं तिकीट माझं. चला, गाडी सोडा." थांगनं लाइफ जॅकेट दिलं आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

म्हाताऱ्यानं दोन्ही सायकली मागे बांधल्या, माझी खुर्ची बाहीनं पुसली. मी पाय ठेवला तेव्हा तराफा किंचित दबला आणि त्यानं बांबू तळात घट्ट रोवून तो धरून ठेवला, मी बसेपर्यंत.

पाण्यावरून सगळं वेगळंच दिसतं. माझीच वाट मला काठावर उंच, परकी वाटली. कुणीतरी बाई लाल टोपी घालून तिच्यावरून सायकल मारत चालली होती. मी इथून अशीच दिसत असणार, बोटाएवढी.

"बंधारा आला. पाय वर घ्या," म्हातारा म्हणाला.

तराफ्याचं नाक खाली गेलं, पाणी गुडघ्यांवर आलं, गुओ बाई किंचाळून मग खो खो हसल्या. माझे दात मात्र एकमेकांवर गच्च बसले होते. पाण्याला नाही भ्याले मी. बाई आता दम खाऊन गप्पा मारणार, हे मला ठाऊक होतं. शांत पाणी आलं की माणूस बोलतो.

"दादा," गुओ बाईंनी मान वळवलीच, "त्या डोंगराचं भोक खरंच तुमच्या आईच्या शिंकेनं पडलं?"

"हो," म्हातारा म्हणाला.

अगदी सरळ, भाताचा भाव सांगावा तसा. बाई पुन्हा हसल्या. मी पुढे बघत राहिले. माझ्या मागे बांबू पाण्यात जात होता, निघत होता.

"आणि तुमचा मुलगा जहाजावर कॅप्टन आहे ना?"

बांबू पाण्यात गेला आणि तिथेच राहिला. मी खुर्चीचा हात धरला. मनात म्हटलं, बाई, तू दुसरं काहीही विचार. आणि म्हटलं, म्हाताऱ्या, खरं सांगायचं असलं तर सांग, पण मी उतरल्यावर सांग.

"हो," तो म्हणाला. बांबू वर आला. "आशेंग त्याचं नाव."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"येतो का घरी?"

"कमी येतो. लांबच्या फेऱ्या असतात. आला की आंबवलेले बांबूचे कोंब मागतो, तिकडे मिळत नाहीत. यंदा जमणार नाही म्हणाला. मुलीची शाळा आहे."

"अरे वा, नात आहे? ताई, तुम्ही बोलला नाहीत."

मला तरी कुठे माहीत होतं? शाळा, कॉलेज, जहाज, तिथपर्यंत मी आणलं होतं त्याला. लग्न मी लावलं नव्हतं. हे काम या न बोलणाऱ्या माणसानं परस्पर, कुणाकुणा गिऱ्हाइकांपुढे, नदीवर उरकून टाकलं होतं.

"तिला बदकांची भीती वाटते," म्हातारा सांगत होता. "आली की माझ्या पायाला चिकटून चालते."

गुओ बाईंना फार कौतुक वाटलं. त्या पुढे कितीतरी बोलल्या, बहुतेक त्यांच्या मुलाबद्दल. मी ऐकलं नाही. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळातलं गवत एका दिशेला विंचरलेलं दिसत होतं.

खालच्या घाटावर बाई आमच्या दोघांचा फोटो काढून, म्हाताऱ्याला तंबाखूची पुडी देऊन गेल्या. म्हाताऱ्यानं तराफा बांधला. बांबू घाटाच्या खोलीत नेऊन दिला आणि सही करून बाहेर आला. बाहेर आल्यावर उजवा हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना. मी माझी सायकल त्या हातात दिली.

आम्ही चालत निघालो. थोडं पुढे गेल्यावर मी विचारलं, "नाव काय ठेवलंय तिचं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "श्याओमान," म्हणाला.

नदी भरू लागते त्या दिवसांचं नाव ते. आशेंग त्याच दिवसांत झाला होता.

"बरं आहे," मी म्हटलं. "कितवीत आहे?"

"दुसरीत."

"पोहायला येतं का?"

तो चार पावलं चालला. "नाही अजून. शिकवायचं राहून गेलं."

"मग उद्यापासून तू रिकामाच आहेस."

म्हातारा थांबला. सायकल माझ्या हातात दिली, काठाशी गेला, आणि लव्हाळ्यापलीकडच्या उथळ पाण्याकडे बघत उभा राहिला. पाणी कुठे कमी आहे, तळाशी दगड आहेत की वाळू, ते वाकून नीट बघत होता.