सहा काडेपेट्या

माझी धाकटी भावजय कुंदा एक्क्याण्णवच्या पोळ्याला चुलीपुढे आचके देत पडली. पुरणाचं पातेलं लवंडलं, तिच्या तोंडाला फेस आला आणि आम्ही सगळे खुळ्यासारखे बघत राहिलो. नाशिकला मेंदूचा फोटो काढला. गाठ निघाली. टीबीची गाठ म्हणून आठ महिने गोळ्या चालल्या. बिचारीला ओकाऱ्या होऊन होऊन अंगात काही उरलं नाही, झटके मात्र थांबेनात.

शेवटी तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ जीवराम, तिला जळगावच्या एका नव्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मी सोबत होतो.

"ही टीबी नाही," फोटो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले. "दक्षिणेतल्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या. बहुतेकांत जंताचं पिल्लू निघालं. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं की हा जंत पोटात वाढतो."

जीवरामचा चेहरा पांढराफटक पडला. आमचे वडील झिपरू आबा माळकरी; अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.

"शाकाहारी माणसालाही होतं," डॉक्टर समजावत होते. "मांस खाणारा वेगळाच असतो. त्याच्या पोटातल्या जंताची अंडी न धुतलेल्या हातानं दुसऱ्याच्या अन्नात जातात. घरातल्या सगळ्या मोठ्यांची शौचाची तपासणी करा."

घरी येऊन मी यातलं फक्त डुक्कर सांगितलं.

"माहेरी खाल्लं अशीन तिनं! आपल्या घरात कुठून येईन?" मी अंगणात ओरडलो, गल्लीला ऐकू जाईल असा. आबांनी तडक तिच्या माहेरी शिंदखेड्याला निरोप धाडला, सोमवारी पोरीला घेऊन जा म्हणून.

चोराच्या उलट्या बोंबा! पाच वर्षांपूर्वी केळीच्या वॅगनीबरोबर मी दिल्लीला गेलो होतो. तिथं थंडीत, दारूच्या नादात, व्यापाऱ्यांच्या पंगतीत मी ते मांस खाल्लं होतं. काय खातोय हे मला पक्कं ठाऊक होतं. वर दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं.

जीवराम मात्र अडून बसला. आबांचा विरोध मोडून त्यानं घरातल्या सहाही मोठ्यांचे नमुने काडेपेट्यांत भरून जळगावला नेले. मी माझी पेटी बिनघोर दिली. पाच वर्षांपूर्वीचं खाणं कधीच पचून गेलं असेल, असा माझा हिशेब.

सोमवारी सकाळी तपासणीचा कागद आणायला मीच गेलो.

"पाच जण स्वच्छ. तुमची भावजयसुद्धा," डॉक्टर म्हणाले. "हे अभिमन झिपरू कोण?"

"मीच."

"जेवणात तुमचा हात कुठे लागतो?"

"भरीत... भरीत मीच करतो. कांद्याची पात, कोथिंबीर घालून हातानं कालवतो." गावभर माझ्या हाताच्या चवीचं कौतुक होतं हो!

त्यांनी मला औषध दिलं. एकदाच घ्यायचं, की माझा जंत मरणार. कुंदाला झटक्याच्या गोळ्या मात्र कित्येक वर्षं.

घरी आलो तेव्हा कुंदाची कपड्यांची ट्रंक ओट्यावर ठेवलेली होती. तिचे वडील लोटन नाना खाटेच्या कडेवर अवघडून बसले होते. "मन्ही पोर तुमना घरमा उनी तवय धडधाकट व्हती, आबा," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आबा ऐकत नव्हते.

कागद खिशात होता. फाडला असता तर कुणाला कळलं असतं?

"आबा, तिले कुठीच धाडू नका," मी म्हणालो. "जंत माह्या पोटात हाये. दिल्लीले मी खाल्लं होतं." मग भरताचंही सांगितलं.

जीवराम माझ्या अंगावर धावला आणि मधेच थांबला, उगारलेला हात तसाच. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी मार खायला तयार होतो, घराबाहेर निघायलाही.

कुंदा दारात आली. आठ वर्षांत माझ्याशी थेट बोलली नव्हती ती. डोक्यावरचा पदर घसरला तरी तिनं सावरला नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "पोरेसले बी तेच भरीत चारतस ना तुम्ही?"

तिची दोन, माझी तीन. पाचांनाही पहिला घास मीच भरवायचो. जळगावहून निघाल्यापासून मी माझ्या अब्रूचा विचार करत आलो होतो. पोरं मला आठवलीसुद्धा नव्हती.