हानाच्या सह्या

आबेल उठून उभा राहिला, शर्ट खाली ओढला आणि गळ्यातली माइलेच्या पानांची माळ सारखी केली. आजोबांचं नाव अजून यायचं होतं.

"बस," त्याची बायको लुईका शर्टाचं टोक धरून म्हणाली. "अजून केपाच्याच घराण्याचं चाललंय."

"म्हणजे आता आपलंच."

रंगमंचावर शाळेची चाळीस मुलं हवाईयन भाषेत ऑपेरा गात होती. हवाई बेटं अमेरिकेला जोडू नका म्हणून सव्वाशे वर्षांपूर्वी गावोगाव अर्जावर सह्या झाल्या, त्याची गोष्ट. आता हाना गावची यादी सुरू होती. नाव गायलं, की त्या रक्ताच्या माणसाने उठून "एओ" म्हणून ओ द्यायची, ही जुनी रीत. आबेलने आठवडाभर न्हाणीघरात सराव केला होता. तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या कोंबड्याही ओ देऊ लागल्या, असं लुईकाचं म्हणणं.

आजोबा काहेले यांनी हानात पहिली सही केली, तीही अशी दाबून, की टाक मोडला. ही गोष्ट आबेलने पन्नास वर्षं घरातल्या प्रत्येक मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या जेवणावळीत सांगितली होती. मोडका टाक घरी काचेखाली होता.

पुढच्या रांगेतून केपाने ओ दिली. ढोल थांबला. पुरुषांची यादी संपली.

आबेल उभाच.

"राहिलं असेल," लुईका कुजबुजली. "पोरंच ती."

पण यादी त्याच्या नातीने, नोहेआने, मूळ कागदांवर महिनाभर बोट फिरवून उतरवली होती. सकाळी ती म्हणाली होती, "तूतू आजोबा, काही झालं तरी शेवटपर्यंत थांबा." त्याला वाटलं, जेवणाबद्दल बोलतेय.

नोहेआ एक पाऊल पुढे आली. आता बायकांची यादी. पहिलंच नाव तिने एकटीने गायलं.

"कालालेआ, काहेलेची बायको, वय सव्वीस."

आजी. टाकाची गोष्ट सुरू झाली की उठून मागे तारोचे कंद कुटायला जाणारी. लहानग्या आबेलला वाटायचं, ऐकून कंटाळली असेल. काहेले साखर कारखान्यात मुकादम होते आणि कारखाना अमेरिकन मालकाचा होता, हेही त्याला ठाऊक होतं. या दोन गोष्टी त्याने कधी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या, एवढंच.

सगळं सभागृह ओ येण्याची वाट पाहत होतं. लुईकाला देता येत नव्हती. तिचं रक्त वेगळं. नोहेआ त्याच्याकडेच बघत होती.

"एओ," आबेल म्हणाला. सरावातला आवाज आलाच नाही. स्वयंपाकघराच्या दारातून पोराने हाक मारावी, तसा आला.

मध्यंतरात केपा जवळ येऊन बसला. टोमणा मारायला आला होता, पण आबेलचा चेहरा बघून त्याने आवाज खाली आणला.

"आजोबांची सही नाही दिसली रे."

"त्या दिवशी ते घरी पोरं सांभाळत होते."

केपाने मान डोलावली. तो म्हणाला, "मग टाक कुणी मोडला?"

आबेलला तारो कुटणारे आजीचे हात आठवले. त्याने माळ काढून मांडीवर ठेवली आणि एकेक पान सरळ करू लागला.