भागोजीच्या खळ्यातला रस्ता

भागोजी भावजींच्या खळ्यात त्या दिवशी सकाळपासून झोडनी चालली व्हती आन सकाळपासूनच भांडनही. झोडनी भाताची, भांडन आमच्या धन्याशी. आमचे धनी म्हंजे हैबती. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनतात, पन पुढं कोर्टात शपथेवर घ्यावं लागलं, मंग आता तुमच्यापुढं कसली लाज? मी नीला, त्यांची बायको.

खळं म्हंजे घरापुढचं शेनानं सारवलेलं अंगन, टेम्पो फिरंल एवढं ऐसपैस. त्याच्या पल्याड आमचं शेत, गावाची विहीर आन देवीचं देऊळ. खळं टाळायचं तर ओढ्याकडनं पाव तासाचा वळसा. आमच्या शिवथरच्या खोऱ्यात हे असंच हाय. कुनाच्या ना कुनाच्या अंगनातून गेल्याबिगर कुनी कुठं पोचत नाय, आन जाता जाता "काय गो, जेवलीस का?" इचारल्याबिगर पुढं सरकत नाय.

पन दहा वर्षांमागं ह्या दोघा चुलतभावांचं बांधावरनं बिनसलं. भागोजी भावजींनी खळ्याच्या तोंडाशी बोर्ड ठोकला, "खाजगी जागा. रस्ता नाही." आमच्या धन्यांनी तहसीलदाराकडं रस्त्याचा अर्ज ठोकला. तारखा पडत राहिल्या. गाव आपला त्या बोर्डाखालनं येत जात राहिला. अडवायचे ते एकट्या आमच्या धन्यांना, तेही रोज.

"हैबत्या, बोर्ड दिसत नाय का रे?"

"दिसतो की. अक्षर बरं नाय."

"पुढं पाऊल टाकशील तर बघ!"

"हे टाकलं. काय बघू?"

त्या दिवशीही हेच चाललं व्हतं. तुळजाक्का विहिरीवरनं हंडा घेऊन येत व्हती. एकटी बाई, साठीची, लावनी-कापनीला सगळ्यात पुढं आन गावातलं कुठलंच भांडन न चुकवनारी. खळ्याच्या मधोमध थांबली ऐकायला. भावजींचा पोरगा राजेश, मुंबईसनं परत आलेला, त्यांच्या पिकअप टेम्पोत पेंढा भरायला गाडी मागं घेत व्हता. त्याचाही एक कान भांडनाकडं. हंडा वाजला, आक्का ओरडली, आन गाडीचं मागचं चाक तिच्या पायावर!

भांडन तिथंच थांबलं. भागोजी भावजींनी एका बाजूनं उचलली, आमच्या धन्यांनी दुसऱ्या. दहा वर्षांत पहिल्यांदा दोघांनी मिळून कायतरी उचललं. त्याच टेम्पोत घालून महाडला नेली. गुडघ्यापासनं घोट्यापर्यंत सळई बसली. पैसे भावजींनी भरले, एका शब्दानं कुरकुरले नाहीत. डाक्टर म्हनाला, वर्षा-दोन वर्षांत आनखी एक आपरेशन करावं लागंल, नायतर बाई काठीबिगर चालायच्या नायत, वाकायचं तर सोडाच.

आता त्या दुसऱ्या आपरेशनचे पैसे कोन देनार? टेम्पोचा विमा व्हता. महाडच्या अनुपमा वकीलबाईंकडं धनी सोडून आमी सगळे गेलो. त्या म्हनाल्या, दावा लावावा लागेल, गाडीमालकावर आणि विमा कंपनीवर.

तुळजाक्का ताडकन म्हनाली, "भागोजीवर केस? माझा पाय तुटला, डोस्कं नाय!"

"आक्का, कागदावर नाव घालावंच लागतं. पैसे कंपनी देईल."

"लाव गो आक्का," भावजी म्हनाले. "मीच आनलंय ना तुला गाडीतनं." आन खरंच, मानसानं स्वतःच्या गाडीतनं नेऊन स्वतःवर केस लावून घेतली. मी तरी असं पयलं कधी बघितलं नव्हतं!

महिन्याभरानं एक मानूस आला. हातात फाईल, गळ्यात कॅमेरा. खळ्याशी चपला काढल्या. फाईल बघून भावजींना वाटलं, सरकारी मानूस असंल. सरकारी म्हंजे तहसीलदाराचा, आन तहसीलदाराचा म्हंजे आमच्या अर्जाचा! त्यांच्या डोस्क्यात दुसरं काय येनार? दहा वर्षं त्याच मानसाची वाट बघत व्हते.

"ही जागा कोणाची?" त्या मानसानं इचारलं.

"माझ्या आज्या-पंजाची. हितं माझ्या परवानगीबिगर चिमनी उतरत नाय."

"म्हणजे लोकांना यायला-जायला मुभा नाही?"

"मुळीच नाय! ह्यो बोर्ड काय शोभेला हाय? फोटो काढा की. थांबा, थांबा, पुसतो."

खांद्यावरच्या पंच्यानं बोर्ड पुसला, शेजारी छाती काढून उभे राहिले, फोटो काढून घेतला. लिहिलेल्या कागदावर सही ठोकली. वर त्याला चहा पाजला आन एक भोपळा दिला. मी आमच्या पडवीतनं सगळं बघत व्हते. माझाही जळफळाट झाला, कारन मलाही तो तहसीलदाराचाच वाटला.

तो व्हता विमा कंपनीचा.

मंग कंपनीचं उत्तर आलं. राजेशनं वाचलं आन खाली बसला. "आबा, गेम झाला. कंपनी बोलते, ॲक्सिडेंट खाजगी जागेत झालाय. कायद्यानं विमा सार्वजनिक जागेपुरता. मालकानंच लिहून दिलंय, जागा खाजगी हाय. कंपनी एक पैसा देनार नाय."

"मंग कोन देनार?"

"आपन. म्हंजे डोंगराकडचं वरकस रान विकायला लागंल."

भावजींचं तोंड असं झालं, मला हसूही आलं आन वाईटही वाटलं. तुळजाक्काला कळलं तर ती हट्टाला पेटली. "मागं घ्या केस. भागोजीचं रान विकून मला पाय नको. काठी हाय ना." आन आमच्या मनातली चोरी वेगळीच. भांडन कुनाचं व्हतं? ती खळ्यात थांबली कशापायी? ते ऐकायलाच ना? धनी दोन दिवस जेवताना मान वर करीत नव्हते.

परत वकीलबाईंकडं गेलो. ह्या खेपेला धनीही आले, न बोलावता. राजेश म्हनाला, "मॅडम, सिंपल हाय. बोलू या, रोडवर झाला ॲक्सिडेंट."

"पंचनाम्यात खळं लिहिलंय," अनुपमाबाईंनी चष्मा काढला. "आणि खोटं मी मांडत नाही. खरं सांगायला काय हरकत आहे? जागा कोणाच्या नावावर आहे हा प्रश्नच नाही. तिथून लोकांना येण्याजाण्याची मुभा असेल, तर खाजगी मालकीची जागासुद्धा या कायद्यापुरती सार्वजनिक धरतात. आपल्या हायकोर्टानं तसं पूर्वीच म्हटलंय. बोला भागोजीराव, तुमच्या खळ्यातून लोक जातात का?"

भावजी पंच्याची घडी घालायला लागले. धनी छताकडं बघत व्हते. मिशीत हसू दाबलेलं मला दिसत व्हतं.

बाई हुशार. त्यांनी हळूच इचारलं, "बरं, शिमग्याला तुमच्या गावात पालखी कुठून जाते हो?"

"कुठनं म्हंजे?" भावजी खुर्चीत सरळ झाले. "पयला मान माझ्या खळ्याचा! आजोबांपासनं. पालखी आधी माझ्या खळ्यात नाचते, मंग देवळात."

"लोक असतात बरोबर?"

"सगळा गाव! दासगाव, तुडीलकडनं पाव्हनं येतात. उभं राहायला जागा नसते."

"आणि ते सगळे तुमची परवानगी काढून येतात?"

"देवीच्या मानसांना परवानगी इचारनारा मी कोन, बाई?"

बाईंनी शांतपने लिहून घेतलं. भावजींच्या ध्यानात आलं तवा उशीर झाला व्हता.

"हे... कोर्टात बोलाया लागंल?"

"शपथेवर. आणि लोक रोज जातात तेही."

"मंग ह्याचा त्यो रस्त्याचा अर्ज?"

"तुम्ही शपथेवर जे बोलाल, ते तिकडंही चालेल," बाई म्हनाल्या. "लपवून ठेवत नाही तुमच्यापासून."

परत येताना गाडीत सगळ्यांच्या डोस्क्यात एकच. वरकस वाचवायचं तर खळं सोडायचं, खळं धरायचं तर वरकस जानार. आन दोन्हीच्या मधे तुळजाक्काचा पाय.

दोन दिवसांनी भावजी तिच्या घरी गेले. दार उघडंच व्हतं, ते आलेत हे तिला कळलं नाय. चुलीपासनं पान्याच्या मडक्यापर्यंत ती बसल्या बसल्या, हातावर जोर देऊन सरकत व्हती. ज्या बाईच्या मागं लावनीला पोरी धापा टाकायच्या, ती. भावजी आत गेलेच नायत. तसेच वळले ते थेट आमच्या पडवीत. दहा वर्षांत तिथं पाय ठेवला नव्हता.

"हैबत्या," म्हनाले, "साक्षीला येशील?"

ह्या क्षनासाठी धन्यांनी दहा वर्षं उत्तरं साठवून ठेवली व्हती. मला पाठ हायत ती सगळी, रोज जेवताना ऐकलेली. मी म्हटलं, आता एकेक काढनार. पन धन्यांनी खाली घोंगडी अंथरली. "येतो," म्हनाले. "बस. चहा घे." मी चहा टाकायला आत पळाले आन चुलीपुढं जरा रडून घेतलं. धुराचं निमित्त बरं असतं.

कोर्ट माणगावला. दोघं भाऊ एस्टीत एका बाकड्यावर बसले. तारखांमागनं तारखा, दोन पावसाळे गेले, पन शेवटी साक्षी लागल्या.

कंपनीचा वकील कडक इस्त्रीचा. त्यानं फोटो पुढं केला. "हा बोर्ड तुम्हीच लावलात ना?"

"व्हय," भावजी म्हनाले.

"आणि शेजारी उभे राहून फोटोही काढलात?"

"व्हय. आधी पुसलाही."

"त्यावर स्पष्ट लिहिलंय, रस्ता नाही."

"साहेब, त्यो बोर्ड एकट्या हैबतीसाठी व्हता."

जजसाहेबांनी मान वर केली. "बोर्डावर हैबतींचं नाव आहे का?"

"नाय साहेब. पन गावात सगळ्यांना म्हायत हाय."

मागं कुनीतरी खोकलं. मंग भावजींनी हात जोडले आन सरळ सांगितलं, की विहिरीला, देवळाला, शेतांना सगळा गाव माझ्या खळ्यातनं जातो, माझ्या आज्यापासनं जातो, एका हैबतीबिगर मी कुनाला कधी अडवलं नाय, आन त्या मानसाला जे लिहून दिलं ते ताठ्यापायी दिलं. बोलताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या व्हत्या. आपल्याच तोंडानं दहा वर्षांचं भांडन हरत व्हते ते, आन मला त्यांचा एवढा अभिमान वाटला म्हनून सांगू!

मंग माझी साक्ष झाली, नाव घ्यायची ती. मंग धन्यांची. वकिलाला वाटलं, हा विरोधक, हा आपल्या कामाचा.

"भागोजी तुम्हाला अडवायचे, खरं ना?"

"खरं. रोज."

"म्हणजे मुभा नव्हती!"

"साहेब, अडवायचा, आमी भांडायचो, मंग मी जायाचो. परत येताना पुन्यांदा भांडायचो. दहा वर्षांत एक दिवस असा नाय, की मी त्या खळ्यातनं गेलो नाय."

"तुम्ही वळसा का घेत नव्हता?"

"मंग भांडनार कुनाशी?"

जजसाहेबांनी तोंडावर कागद धरला. हसले की नाय ते मी सांगू शकत नाय, पन कागद हलत व्हता.

निकाल महिन्याभरानं लागला. खळं भागोजीच्या मालकीचं, पन गावाला तिथनं येन्याजान्याची मुभा, सबब ह्या कायद्यापुरती ती सार्वजनिक जागा आन भरपाई कंपनीनं द्यावी. वकीलबाईंनी वाचून दाखवलं तवा तुळजाक्कानं एवढंच इचारलं, "भागोजीचं वरकस?" "राहिलं आक्का." मंग तिनं पदर तोंडाला लावला.

दुसरं आपरेशन झालं. चार महिने ती आमच्याच पडवीत व्हती, आन तिनं माझ्या कालवनाला एवढी नावं ठेवली की ती बरी व्हतेय हे मला डाक्टरच्या आधी कळलं. तहसीलदाराकडंही दोघं भाऊ मिळून गेले आन लिहून देऊन आले. वाटेत बिरवाडीला त्यांनी भजी खाल्ली, माझ्यासाठी आनली नायत.

आन परवा, झोडनीच्या दिवसांत, तुळजाक्का पयल्यांदा काठी भिंतीला लावून एकटी निघाली. विहिरीकडं. पाय जरा फेकत व्हती, पन चालत व्हती. आमी सगळे हातातलं काम सोडून बघत व्हतो. खळ्याच्या मधोमध पोचली, आन तिकडनं राजेश टेम्पो मागं घ्यायला लागला. भागोजी भावजी ओट्यावरनं असे उठले, पंचा खाली पडला त्याचंही भान नाय.

"राजेश! गाडी थांबव आधी! आंधळा झालास का रे? रस्त्यात मानूस हाय!"

गाडी थांबली. आमच्या धन्यांनी "रस्त्यात?" म्हनायला तोंड उघडलं, आन मी त्यांना कोपरखळी मारून गप्प केलं.