डॉक्टर उभेच राहिले

मित्रांनो, प्रशिक्षणाच्या या खोलीत पलंगाशेजारी दिसते ते जुने लोखंडी स्टूल मीच. तुम्ही सगळे नवे डॉक्टर आहात. कुणीतरी माझ्यावर ॲप्रन टाकला आहे, तो राहू द्या. आज माझे थोडे ऐकून घ्या.

जळगावच्या एका लहानशा कारखान्यात हिलालभाऊंनी मला वेल्डिंग करून जोडले. माझी कड त्यांनी दोनदा घासली. दवाखान्यात बसणाऱ्याचे चित्त ठिकाणावर नसते, त्याचे कापड अडकून फाटायला नको, असे ते शेजारच्या कारागिराला म्हणाले होते. मग मी धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आले. सोनोग्राफीच्या खोलीत, तपासणीच्या पलंगाजवळ मला जागा मिळाली.

मला आणले होते बसण्यासाठी. पण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी माझ्यावर जेलची बाटली ठेवली, मग फायली आल्या, मग रजिस्टर. प्रमिला सिस्टर रोज सकाळी मला पुसायच्या आणि म्हणायच्या, हे स्टूल नसते तर एवढा पसारा मी ठेवला कुठे असता? मला तेव्हा अभिमान वाटायचा. वर्षानुवर्षे कुणी माझ्यावर बसले नाही, याचे मला काहीच वाटले नाही. आता वाटते.

एका सकाळी पिंपळनेरकडची किरण तपासणीला आली. वय बावीस, पहिलटकरीण, नववा आठवडा. सासू भिकुबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. पलंगावर आडवी होताना किरणने सिस्टरना हळूच विचारले, की बाळाची बोटे दिसतील का.

तपासणारे डॉक्टर रोनक तुमच्याच वयाचे होते. चाळीसगावच्या कापड दुकानदाराचा मुलगा, हुशार, स्वभावाने गरीब. बाहेर चाळीस बायका थांबल्या होत्या. तपासताना रोनक यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी मोठ्या मॅडमना बोलावले. मॅडमनी नीट पाहिले, दोनदा मोजमाप घेतले, मान हलवली आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या. निदान अगदी बरोबर होते, मित्रांनो. चूक त्यानंतर झाली.

रोनक उभ्या उभ्याच, पडद्याकडे बघत म्हणाले, "हार्टबीट नाही. मिस्ड अबॉर्शन आहे. बाहेर सिस्टर पुढची तारीख देतील."

दार अर्धे उघडे होते. किरणला त्यातला एकच शब्द कळला, आणि तोच शब्द बाहेर भिकुबाईंच्याही कानावर गेला. तुमच्या पुस्तकात त्याचा अर्थ गर्भाची वाढ आपोआप थांबली असा होतो. गावात त्याचा अर्थ एकच, मुद्दाम पाडले. भिकुबाई तरातरा आत आल्या.

"अबॉर्शन? काय करी उनी वं तू?"

"मी काहीच नही करं, माय," किरण म्हणाली आणि तिने डॉक्टरांकडे पाहिले.

त्यांनी एक वाक्य बोलायला हवे होते. त्यांनीही तिच्याकडे पाहिले, पण तेवढ्यात पुढचे नाव पुकारले गेले आणि ते फाईल उचलायला वळले. पोरीने पलंगावरून पाय खाली सोडले. तिची चप्पल सापडेना. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि माझ्यावर कागदांची चळत होती.

दिलेल्या तारखेला ती आली नाही. महिन्याभराने त्या भागातल्या आशा कार्यकर्त्या बेबाबाई दुसऱ्या बायकांना तपासणीला घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी सिस्टरना सगळे सांगितले. किरणवर जवळच्या दवाखान्यात उपचार झाले होते, तब्येत ठीक होती. पण भावाच्या लग्नाला ती मोटारसायकलवर बसून गेली म्हणून असे झाले, असे घरात आधी ठरले. मग गोळ्या खाल्ल्याचे गावात पसरले. शेवटी तिला माहेरी धाडले. ती कुणाशी बोलत नाही, नुसती देवासमोर बसून असते, असे बेबाबाई म्हणाल्या.

रोनक शेजारीच लिहीत होते. त्यांचे पेन थांबले. त्यांनी गावाचे नाव विचारले, कागदावर लिहून घेतले. पण त्या आठवड्यात ते गेले नाहीत, पुढच्याही नाही. मग परीक्षा आली. हे मी लपवत नाही, कारण ते स्वतःही कधी लपवत नाहीत.

दोन वर्षांनी बेबाबाई किरणला घेऊन आल्या. नवऱ्याने तिला परत आणले होते आणि तिला पुन्हा दिवस गेले होते. भिकुबाईही सोबत होत्या. कागदावरचे नाव रोनकनी ओळखले. तपासणी झाली, ठोके चांगले होते, तेही त्यांनी तिला लगेच सांगितले. मग त्यांनी माझ्यावरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्या, दार लावले आणि ते माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत प्रथमच कुणी माझ्यावर बसले होते.

आधी त्यांनी किरणला विचारले, सासूबाईंना आत बोलावू का? ती हो म्हणाली. मग दोघींनाही त्यांनी सावकाश सांगितले, की मागच्या वेळी बाळाची वाढ आपोआप थांबली होती. बहुतेक वेळा गर्भाचे बीजच सुरुवातीला नीट जुळलेले नसते. मोटारसायकलने ते झाले नव्हते, आणि किरणने काहीही केले नव्हते. हे त्याच दिवशी सांगायला हवे होते, ते माझे चुकले, असेही ते म्हणाले.

भिकुबाई खाली बघत राहिल्या. किरण रडली नाही.

"दोन वरीस मी देवनी माफी मांगी, डॉक्टर," ती म्हणाली. "हाई तव्हयच सांगनं व्हतं."



त्यानंतर रोनकनी हे प्रशिक्षण सुरू केले आणि मला इथे आणले. निवृत्त झालेल्या प्रमिला सिस्टर पेशंट होऊन पलंगावर बसतात. मागच्या महिन्यात तुमच्यासारख्याच नव्या डॉक्टर पलकनी शिकवलेली सगळी वाक्ये अचूक म्हटली. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पाठ म्हणताय. माझ्याकडे बघा." पलकनी पाहिले आणि त्यांना पुढचे वाक्यच सुचेना.  मग त्या फार हळू म्हणाल्या, "तुमच्या बाळाची वाढ थांबली आहे." आणि पुन्हा थांबल्या. ते मात्र सिस्टरना पटले.

मित्रांनो, मी लोखंडाचे आहे. सरकून पुढे यायची ताकद माझ्यात नाही. मला ओढून घ्यावे लागते. तेवढे करा. दार लावा, बसा, तिला कळेल असा शब्द वापरा आणि तिला रडायला वेळ द्या. अजून वय आहे, पुढच्या वेळी होईल, असे घाईने म्हणू नका. आणि तिची काही चूक नाही, हे ती खोलीबाहेर पडायच्या आत तिला सांगा. ती हो म्हणाली तर तिच्या माणसांनाही सांगा. उशिरा सांगितले तरी ते खरेच असते. पण मधली वर्षे तिने एकटीने काढलेली असतात, आणि ती तिला कुणीच परत देऊ शकत नाही.