अर्धा खिळा

मी एक जुनी लाकडी भिंत आहे. सहा फळ्यांची, घडी होणारी. बिजागऱ्यांवर गंज चढला असला, तरी कणा अजून ताठ आहे. मित्रांनो, भिंतीने कसे वागावे हे मला पुष्कळांनी शिकवले. मी ते शिकले नाही.

शाळेच्या सभांसाठी दोन वर्गांचे एक दालन करता यावे, म्हणून सुताराने मला घडवले. सभा संपली की मला ओढून कडी घालत. मग माझ्या एका अंगाला गणित चाले, दुसऱ्या अंगाला भाषा. माझ्यातून आवाज जात नाही, असे माझे कौतुक होई. आवाज जात होता.

एकदा गणिताचे सर टाकी भरण्याचे उदाहरण समजावता समजावता मेटाकुटीला आले. "अरे, दोन्ही नळ चालू आहेत! यात न कळण्यासारखं काय आहे?"

पलीकडून भाषेच्या बाईंनी माझी कडी काढली. "सर, त्यांचं गणित नाही अडलंय, वाक्य अडलंय. येऊ का आत?"

"या की. माझा घसा तरी वाचेल!"

तेव्हापासून दोन्ही वर्ग एकत्र बसू लागले. एकाने फळ्यापाशी उभे राहायचे, दुसऱ्याने मुलांत बसायचे, अशी रीत पडली. एखादा चेहरा गोंधळलेला दिसला की बाईच हात वर करत, "सर, मला नाही कळलं." भाषेच्या तासाला ही पाळी सरांची. बाई बहुधा शेवटच्या बाकावर, कधीच तोंड न उघडणाऱ्या मुलीशेजारी बसत. तिला सगळे 'मौनी' म्हणत.

मग नवे मुख्याध्यापक आले. नेमका बाईंचा हात वर असताना ते आत शिरले.

"बाई, तुम्हालाच कळत नाही, तर मुलांनी काय करायचं? एक शिकवतो, दुसरा बसतो! उद्या या भिंतीला खिळे ठोकून घेतो."

मौनी उभी राहिली.

"बाईंना कळतं, सर. आम्हाला विचारायची भीती वाटते, म्हणून त्या विचारतात." मग ती गणिताच्या सरांकडे वळली. "आज मी विचारते. मला नाही कळलं."

सरांनी फळा पुसून पहिल्यापासून सांगितले. तरीही हुकूम कायम राहिला.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. तोवर सरांनी आणि बाईंनी दोन्ही वर्ग एकाच बाजूला दाटीवाटीने बसवले होते. "ठोका खुशाल," बाई म्हणाल्या. "पलीकडे कुणी नाही."

पलीकडे काम पाहायला आलेले मुख्याध्यापक होते. रिकाम्या बाकांमध्ये एकटेच. मला ओढले, तेव्हा मी होता नव्हता तेवढा जोर लावून किंचाळले. पहिला खिळा अर्धा आत गेला असेल-नसेल, तोच माझ्यातून मौनीचा आवाज गेला, "सर, पुन्हा सांगा ना." तिच्यामागून आणखी चार आवाज उठले.

"थांबा," मुख्याध्यापक म्हणाले. "उघडा ती."

तो अर्धा खिळा अजून माझ्या अंगात आहे. सर आणि बाई आपापल्या पिशव्या त्यालाच अडकवतात. मित्रांनो, मला रंग नको, कौतुकही नको. बिजागऱ्यांना तेवढे तेल घाला. आणि कुणी पुन्हा हातोडा घेऊन आलाच, तर त्याला आधी शेवटच्या बाकावर बसवा.