वीणा अडवली तो दिवस

सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नाही. सात दिवस ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडायचं, देणाऱ्यानेही घेणाऱ्याच्या पाया पडायचं, मगच पहारा बदलतो. या नियमावर माझी पांडुरंगाइतकी श्रद्धा. आणि याच नियमात मी कारभारीला धरला.

कारभारी आणि मी एका वयाचे. आमच्या ओढ्याला तेव्हा बाभळी, करंज आणि शिंदीची दाटी होती. सुगरणीचे गळून पडलेले खोपे डोक्यावर टोपीसारखे घालून आम्ही दोघं हिंडायचो. पहाटे काकड्याच्या आधी दयाळ पक्षी गायला लागायचा. माझे वडील त्याच्याकडून सूर घ्यायचे आणि पेटीवाला वडिलांकडून. मीही तसाच शिकलो.

शहाण्णव सालच्या भाद्रपदात कारभारीने ओढ्याकाठ सपाट केला. पाखरं द्राक्षं खातात म्हणे. चार दिवस बुलडोझर चालला. खोप्यांत पिल्लं होती. बाभळींबरोबर तीही ढिगात गेली आणि ढीग पेटवला. मी आडवा झालो, तर गड्यांसमोर हसून म्हणाला, "वाल्म्या, तू बस पाखरांचं कीर्तन ऐकत. मला माल परदेशात धाडायचाय." गडीही हसले.

हळद्या गेला. खंड्या गेला. टिटवी उठली ती पुन्हा बसली नाही. उरले कावळे, साळुंक्या आणि पारवे. भुंगेरे टिपणारे कोतवाल आणि वेडे राघूही नाहीत म्हटल्यावर द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवर उडद्या भुंगेरा तुटून पडायचा. कारभारी फवारे मारून मारून टेकीला यायचा आणि मी बांधावर उभा राहून अभंग म्हणायचो. देवा, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? मला लय बरं वाटायचं.

दोन हजार चारच्या चैत्रात कारभारी सप्ताहाचा यजमान झाला, मंदिराचा पंचही तोच. काल्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीमागचा उंबर आणि सात बाभळी तोडायच्या, मंडप वाढवायचा, असं त्याने ठरवलं. गावातले शेवटचे खोपे त्या बाभळींवर. शेवटचा दयाळ त्या उंबराच्या ढोलीत.

काल्याच्या कीर्तनाला महाराजांशेजारी वीणा घेऊन उभं राहायचा मान यजमानाचा. मी पहाऱ्याच्या यादीत त्याच्या आधीचा तास मागून घेतला. कुणाला काही वाटलं नाही.

नऊ वाजता कारभारी फेटा बांधून आला. माझ्या पाया पडला, हात पुढे केले. मी वाकलो नाही.

"दे की."

"देतो. आधी ओढ्यावरच्या पाखरांची नावं सांग. धा सांग फक्त."

"येडा झाला का? मानसं बघत्यात!"

"बघू दे."

त्याने हसून मोजायला सुरुवात केली. "कावळा... चिमणी... पोपट..." आणि थांबला. बायकांच्या घोळक्यातून झुंबरबाई ओरडली, "आरं कोंबडी बी सांग!" सगळा मंडप हसला. आठ वर्षांपूर्वी गडी हसले होते तसाच.

दहा वाजले. महाराज जवळ आले. "वाल्मीकराव, वीणेचा असा खोळंबा बरा नव्हे."

"महाराज, मी वीणा खाली ठेवली नाय, भजन थांबवलं नाय. नियम कुठं मोडला? फक्त पाया पडायला माझं मन होईना."

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं, मग कारभारीकडे, आणि टाळ घेऊन गुमान खाली बसले. मंडपामागे बुंदीच्या पराती झाकून ठेवलेल्या. पोरं रडायला लागली. साडेदहाला कारभारीचे व्याही मोटारीतून उतरले. त्यांना पाहून त्याचा चेहरा पडला.

तो जवळ सरकला. "काय पायजे तुला?"

"मारुतीमागं कुऱ्हाड लागणार नाय. वीणेला हात लावून म्हण. मोठ्यानं."

त्याने हात लावला. पुटपुटला.

"व्याह्यांना ऐकू आलं नाय," मी म्हणालो.

तो ओरडून म्हणाला. मग, काय झालं कुणास ठाऊक, खाली मान घालून हळूच म्हणाला, "हळद्या. सांगायचा ऱ्हायला व्हता माझा."

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

आता माझी पाळी होती. वीणा सांभाळत मी त्याच्या पायांवर डोकं टेकवलं. नियम आहे. पण डोळे मिटले नाहीत. त्याच्या नखांत फवाऱ्याच्या मोरचुदाचा निळा रंग बसलेला दिसला, तो नीट पाहून घेतला.

उंबर उभा आहे. दयाळ गातो. हळद्या काही परतला नाही. म्हणून दर चैत्रात पहाऱ्याची यादी निघाली की मी कारभारीच्या आधीचाच तास मागतो. तो माझ्या पाया पडतो. मी जरा वेळ तसाच उभा राहतो. मग वाकतो.